डिस्को काळातील अव्वल अमेरिकी गाणी: यादी कशी करावी आणि ती कशी ऐकावीत

1974 ते 1980 या काळात अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकातील 'हॉट 100' यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली डिस्को गाणी आज कोणालाही घरबसल्या ऐकता येतात, आणि बहुधा त्यामुळेच ती नीट ऐकली जात नाहीत. कोणीतरी केलेली तयार यादी सुरू करायची, ओळखीचे धृपद आले की मान डोलवायची आणि पुढच्या गाण्याकडे वळायचे, असा एकंदर प्रकार असतो. या गाण्यांचा खरा परिचय करून घ्यायचा असेल तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. त्यांतील बरीच गाणी दोन रूपांत उपलब्ध आहेत: एक रेडिओसाठी कापलेले तीन-चार मिनिटांचे, आणि दुसरे नृत्यगृहासाठी ठेवलेले सहा, आठ, कधी सतरा मिनिटांचे. क्रमांक मिळाला तो मुख्यतः पहिल्या रूपामुळे; गाण्याची रचना कळते ती दुसऱ्या रूपात. म्हणून यादी करतानाच प्रत्येक गाण्याची दोन्ही रूपे शेजारी ठेवावीत.

यादीची सुरुवात 1977 च्या डिसेंबरात आलेल्या 'सॅटर्डे नाइट फीव्हर' या चित्रपटापासून करू नये. तो कळस होता, पाया नव्हे. सुरुवात 1974 च्या फेब्रुवारीपासून करावी, कारण त्या महिन्यात बॅरी व्हाइट यांच्या लव्ह अनलिमिटेड ऑर्केस्ट्राचे 'लव्ह्ज थीम' हे केवळ वाद्यांवर वाजवलेले गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओतील वादकांचे 'टीएसओपी' ('द साउंड ऑफ फिलाडेल्फिया') आले. जुलैमध्ये ह्यूज कॉर्पोरेशनचे 'रॉक द बोट' आणि त्यामागोमाग जॉर्ज मॅक्रे यांचे 'रॉक युअर बेबी'. ही चार गाणी याच क्रमाने ऐकली तर भरगच्च व्हायोलिनांपासून मायामीच्या एका लहान कंपनीतील साध्या तालयंत्रापर्यंतचे अंतर अवघ्या सहा महिन्यांत कापलेले दिसते. पुढचा प्रवासही तारखेच्या क्रमानेच करावा. लोकप्रियतेच्या क्रमाने ऐकल्यास कोणी कोणाचे काय उचलले, हे कळत नाही.

आता 'हॉट 100' ही यादी म्हणजे काय, हेही समजून घ्यावे. त्या काळी 'हॉट 100' तयार होई ती दुकानांनी कळवलेल्या विक्रीवरून आणि रेडिओ केंद्रांनी कळवलेल्या वाजवणुकीवरून. संगणकाने मोजलेली विक्री 1991 पर्यंत त्यात आलेली नव्हती. दुकानदार आणि केंद्रचालक जे सांगतील त्यावर भिस्त होती. शिवाय जे गाणे स्वतंत्र 'सिंगल' म्हणून बाजारात आले नाही, त्याला या यादीत प्रवेशच नसे. नृत्यगृहात रात्रभर काय वाजते, याचा तिथे हिशेब नव्हता. त्यासाठी 'बिलबोर्ड'ने 1974 च्या उत्तरार्धात नृत्यगृहांसाठी गाणी लांबवणारे टॉम मोल्टन यांच्याकडून वेगळे सदर सुरू करवले. याचा परिणाम असा, की गायिका डॉना समर यांचे 'आय फील लव्ह', ज्याने पुढच्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची दिशा ठरवली, ते 1977 मध्ये सहाव्या क्रमांकावर थांबले. 'वाय.एम.सी.ए.' दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ट्रॅम्प्सचे 'डिस्को इन्फर्नो' अकराव्याच्या पुढे गेले नाही. आणि मेम्फिसच्या रिक डीस या रेडिओ निवेदकाने बदकाचा आवाज घालून केलेले 'डिस्को डक' मात्र 1976 च्या ऑक्टोबरात पहिले आले. याद्यांवर फार श्रद्धा असणाऱ्यांनी हे बदक विसरू नये. आपल्या वहीत पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांशेजारी एक रिकामा रकाना ठेवावा आणि 'आय फील लव्ह'सारखी हुकलेली गाणी त्यात लिहीत जावे.

गाण्याची आवृत्ती निवडणे हे या कामातील सर्वांत कटकटीचे आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे. त्या वेळची 'सिंगल' म्हणजे मिनिटाला 45 फेरे घेणारी सात इंची तबकडी. तिच्यावर जितके लांब गाणे भरावे, तितकी खाच अरुंद करावी लागते आणि तितका आवाज, विशेषतः खर्जाचा, दबतो. टॉम मोल्टन यांनी गाणी लांबवून त्यांची नृत्यगृहासाठी वेगळी मिश्रणे (मिक्स) करायला सुरुवात केली, आणि बारा इंची तबकडीवर रुंद खाचा पाडल्या तर खर्ज मोकळा होतो, हे लवकरच ध्यानात आले. आधी अशा तबकड्या फक्त डीजेंना दिल्या जात. 1976 मध्ये सालसोल कंपनीने डबल एक्सपोजरचे 'टेन पर्सेंट' बारा इंची रूपात सामान्य ग्राहकालाही विकायला काढले. म्हणून मोबाइलवर गाणे शोधताना आधी त्याची लांबी पाहावी. तीन-साडेतीन मिनिटांचे असेल तर ते बहुधा रेडिओचे रूप आहे. त्याच गाण्याचे मूळ अल्बममधील किंवा बारा इंची रूप वेगळे शोधावे. डॉना समर यांचे 1978 चे 'मॅकआर्थर पार्क' याचे ठळक उदाहरण आहे: पहिल्या क्रमांकावर गेलेला तुकडा चार मिनिटांच्याही आतला, तर अल्बममध्ये तो एका अखंड, सतरा मिनिटांहून लांब मालिकेचा भाग आहे.

दुसरी खबरदारी पुनर्ध्वनिमुद्रणांची. अनेक कलाकारांनी पुढे स्वतःचीच जुनी गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली, आणि स्वस्तातील संग्रहांत तीच घातलेली असतात. आवाज तोच, नाव तेच, चित्र सत्तरच्या दशकातले. ढोल मात्र नव्या यंत्राचा. 'रिमास्टर' असे लिहिलेले चालेल, कारण त्यात मूळ टेपच असते. 'री-रेकॉर्डेड' असे बारीक अक्षरांत आढळले तर ते सोडून द्यावे. कंपनीचे नाव पाहणे हा आणखी एक उपाय आहे. बी गीज हा गट असेल तर आरएसओ, डॉना समर असतील तर कॅसाब्लांका, शीक हा गट असेल तर अटलांटिक, ग्लोरिया गेनर यांचे 1978-79 चे काम असेल तर पॉलिडोर. ही गाणी मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकण्यात काहीच अर्थ नाही. तो खर्ज गिळून टाकतो आणि मग उरते ती नुसती छुकछुक.

प्रत्यक्ष ऐकायला बसल्यावर पहिल्या खेपेस गायकाकडे लक्षच देऊ नये. फक्त ढोल ऐकावा. पायाने वाजवला जाणारा मोठा ढोल चारही मात्रांवर सारखाच पडतो, हे या संगीताचे मूळ लक्षण. आपल्या केरव्याला आठ मात्रांत सम असते तशी 'खाली' म्हणजे मोकळी मात्राही असते, त्यामुळे ऐकणाऱ्याला आवर्तनात आपण कुठे आहोत ते कळते. या ढोलाला 'खाली'च नाही, प्रत्येक मात्रा भरीव. मग आवर्तन ओळखू येते ते कशाने? त्यासाठी वर हाय-हॅटकडे, म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन झांजांकडे, कान द्यावा. दोन मात्रांच्या बरोबर मधे त्या झांजा किंचित उघडतात आणि 'त्सss' असा आवाज येऊन लगेच मिटतो. फिलाडेल्फियाचे ढोलवादक अर्ल यंग यांनी 1973 मध्ये हॅरल्ड मेल्व्हिन अँड द ब्लू नोट्सच्या 'द लव्ह आय लॉस्ट' या गाण्यात हा ठेका बसवला, आणि पुढची काही वर्षे तो सगळ्यांनी वापरला. आधी ते गाणे ऐकावे, मग व्हॅन मकॉय यांचे 1975 चे 'द हसल'. बोटाने मेजावर ढोल आणि दुसऱ्या हाताने मधली 'त्स' वाजवता आली की ठेका समजला असे मानावे. लय मोजायची असेल तर पंधरा सेकंदांतील ठोके मोजून चौपट करावेत: 'स्टेइंग अलाइव्ह'मध्ये साधारण 26 येतील, म्हणजे मिनिटाला सुमारे 104, तर शीकच्या 'ल फ्रीक'मध्ये 30 च्या आसपास, म्हणजे सुमारे 120.

'स्टेइंग अलाइव्ह'चा ढोल मात्र वेगळ्या कारणासाठी मुद्दाम ऐकावा. बी गीज फ्रान्समधील शातो देरूव्हिल येथे ध्वनिमुद्रण करीत असताना त्यांचे ढोलवादक डेनिस ब्रायन यांना कौटुंबिक कारणासाठी मायदेशी जावे लागले. तेव्हा आधीच मुद्रित झालेल्या 'नाइट फीव्हर'मधील ढोलाची दोन आवर्तने कापून, त्या टेपचे टोकाला टोक जोडून वेटोळे ('लूप') केले गेले आणि तेच फिरवत ठेवून त्यावर नवे गाणे रचले गेले. तबकडीवर ढोलवादक म्हणून 'बर्नार्ड लूप' असे नाव छापले. असा माणूस अस्तित्वातच नव्हता. दोन्ही गाणी पाठोपाठ लावली तर तोच ढोल किंचित बदललेल्या चालीने येतो, आणि 'स्टेइंग अलाइव्ह' जराही न डगमगता इतके ताठ का चालते, याचे उत्तर मिळते. 1978 मध्ये ते चार आठवडे आणि 'नाइट फीव्हर' आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते.

दुसऱ्या खेपेस बेस गिटार ऐकावी, आणि त्यासाठी शीकच्या बर्नार्ड एडवर्ड्स यांच्याइतका चांगला शिक्षक दुसरा नाही. 'ल फ्रीक' हे 1978 च्या डिसेंबरापासून 1979 च्या फेब्रुवारीपर्यंत तीन वेगवेगळ्या खेपांत मिळून सहा आठवडे पहिले राहिले. न्यूयॉर्कच्या स्टुडिओ 54 च्या दारातून परत पाठवल्याच्या रागातून एडवर्ड्स आणि नाइल रॉजर्स यांनी ते रचले, ही हकिगत बहुतेकांना ठाऊक असते. पण गाण्याच्या मधल्या भागात शब्द थांबून बेस आणि गिटार एकमेकांत कसे गुंफले जातात, तिकडे थोड्यांचेच लक्ष जाते. असा भाग, ज्यात गाणे उघडे होते आणि केवळ ठेका उरतो, त्याला 'ब्रेक' म्हणतात. रेडिओसाठी कापताना पहिली कात्री तिथेच लागे. डायना रॉस यांचे 1976 चे 'लव्ह हँगओव्हर' दोन्ही रूपांत ऐकून हा फरक स्वतः पडताळावा. सुरुवात संथ, जवळजवळ कुजबुजल्यासारखी. मग अचानक लय पालटते आणि गायिका शब्द सोडून हसत, गुणगुणत पुढे जाते. अल्बममध्ये हे पावणेआठ मिनिटे चालते. कापलेल्या रूपात हा पालट लवकर उरकतो आणि वाट पाहण्यातली गंमतच जाते. माझ्या मते संपूर्ण यादीतून एकच लांब आवृत्ती निवडायची झाली तर ती हीच निवडावी.

'आय विल सर्व्हाइव्ह'ला थोडा अधिक वेळ द्यावा, कारण ते इतके कानावर पडलेले आहे की ते ऐकूच येत नाही. फ्रेडी पेरेन आणि डिनो फेकारिस यांनी रचलेले हे गाणे आधी 'सब्स्टिट्यूट' नावाच्या दुसऱ्या गाण्याच्या मागच्या बाजूला घातले होते. डीजेंनी तबकडी उलटून वाजवली आणि 1979 च्या मार्चमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. पियानोची सुरुवातीची लहर संपली की मोजायला लागावे: आठ स्वरसंघ (कॉर्ड) एकामागून एक येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. कडवे असो वा धृपद, चक्र तेच. तरीही गाणे चढत गेल्यासारखे वाटते, ते ग्लोरिया गेनर यांच्या आवाजातील बदलामुळे आणि हळूहळू भरत जाणाऱ्या तंतुवाद्यांमुळे. या गाण्याला मिळालेला 'उत्कृष्ट डिस्को ध्वनिमुद्रण' हा ग्रॅमी पुरस्कार त्याच एका वर्षी, 1980 मध्ये दिला गेला आणि लगेच बंद झाला.

शब्दांत फार शोधू नये. सिल्व्हर कन्व्हेन्शनच्या 'फ्लाय, रॉबिन, फ्लाय'मध्ये एकूण सहाच शब्द आहेत आणि तेवढ्यावर ते 1975 मध्ये तीन आठवडे पहिले राहिले.

हा गट जर्मनीचा होता, हेही टिपून ठेवावे. यादी अमेरिकेची असली तरी गाणी सगळी तिथली नव्हती. डॉना समर यांची सुरुवातीची गाणी म्युनिकमध्ये घडली, तर 1974 च्या डिसेंबरात पहिले आलेले 'कुंग फू फायटिंग' लंडनमध्ये. त्याचे निर्माते बिद्दू हे मूळचे बंगळूरचे. त्यांनीच पुढे 1980 च्या 'कुर्बानी'साठी 'आप जैसा कोई' केले, आणि मुंबईच्या लग्नांत जो ठेका घुमू लागला तो थेट या यादीतूनच आला. दोन्ही गाणी लागोपाठ लावून हाय-हॅटची तुलना करून पाहण्यासारखी आहे.

यादीचा शेवट बहुतेक जण 12 जुलै 1979 ला करतात. त्या संध्याकाळी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांमधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवण्यात आली, जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना सोडून द्यावा लागला. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी नर्तकांच्या संगीताविरुद्धचा तो रोष होता, असे अनेक अभ्यासकांनी नंतर मांडले आहे. मात्र त्याच आठवड्याच्या, 14 जुलैच्या यादीत डॉना समर यांचे 'बॅड गर्ल्स' पहिले आले आणि पाच आठवडे टिकले. त्यानंतर शीकचे 'गुड टाइम्स' एका आठवड्यासाठी, आणि 25 ऑगस्टला नॅकचे रॉक गाणे 'माय शरोना'. वारे फिरले ते इथे. तरीही यादी 1980 च्या 'फंकीटाउन' आणि डायना रॉस यांच्या 'अपसाइड डाउन'पर्यंत न्यावी. दोन्ही चार-चार आठवडे पहिली होती आणि दुसरे तर शीकच्याच मंडळींनी रचलेले आहे.

अखेरची बैठक बेस गिटारच्या एकाच सुरावटीसाठी राखून ठेवावी. 'गुड टाइम्स'चे आठ मिनिटांचे रूप आधी ऐकावे. मग त्याच वर्षीचे, त्याच चालीवर बोल म्हणत नेलेले शुगरहिल गँगचे 'रॅपर्स डिलाइट', आणि शेवटी क्वीनचे 1980 चे 'अनदर वन बाइट्स द डस्ट', ज्याचा बेस 'गुड टाइम्स'च्या अगदी जवळून जातो. पहिले आणि तिसरे गाणे यादीत सर्वांत वर गेले. मधले छत्तिसाव्या क्रमांकावर थांबले, त्यामुळे ते उजवीकडच्या रिकाम्या रकान्यात लिहावे लागेल.