गाडीखरेदीत आपली माहिती इतरांना देण्यास नकार: या चुका टाळा

अमेरिकेत डीलरकडून कर्जावर किंवा लीजवर गाडी घेताना, किमतीची घासाघीस संपल्यानंतर फायनान्स ऑफिसमध्ये कागदांचा जो गठ्ठा पुढे सरकवला जातो, त्यात गोपनीयतेची एक सूचना असते. तिच्यावर सही केली की आपली माहिती सुरक्षित झाली, असे अनेकांना वाटते. ती सही म्हणजे बहुतेक वेळा सूचना मिळाल्याची नुसती पोच असते. आपली माहिती इतरांना देण्यास नकार वेगळा कळवावा लागतो आणि तो कळवला नाही, तर संमती गृहीत धरली जाते.

दुसरी चूक म्हणजे ती सूचना न वाचताच फाइलमध्ये ठेवणे. बहुतेक सूचना २००९ साली ठरवून दिलेल्या सरकारी नमुन्यावर बेतलेल्या असतात. त्यातील तक्त्याच्या पहिल्या रकान्यात माहिती देण्याचे कारण असते, दुसऱ्यात कंपनी ती देते का आणि तिसऱ्यात ग्राहकाला ते थांबवता येते का, हे लिहिलेले असते. तिसऱ्या रकान्यात ‘होय’ असलेल्या ओळीच आपल्या कामाच्या. कर्जाचा अर्ज बँकेकडे पाठवणे, हप्त्यांचा हिशेब ठेवणे किंवा दुसऱ्या वित्तसंस्थेबरोबर संयुक्त जाहिरात करणे, यांना ग्राहकांच्या आर्थिक माहितीच्या गोपनीयतेविषयीच्या १९९९ च्या ग्रॅम–लीच–ब्लायली कायद्याखाली नकार देता येत नाही; डीलरशी संबंध नसलेल्या कंपन्यांना त्यांच्या जाहिरातींसाठी माहिती देण्यास मात्र देता येतो. हा नकार कळवता यावा म्हणून माहिती देण्यापूर्वी सहसा ३० दिवस थांबले जाते. मुदत उलटली म्हणून हक्क बुडत नाही, पण एव्हाना बाहेर गेलेली माहिती परत येत नाही, म्हणून नकार त्याच आठवड्यात कळवावा आणि पाठवलेल्या फॉर्मचा फोटो ठेवावा. कर्ज दोघांच्या नावावर असेल, तर हा नकार दोघांसाठी की एकासाठी, हेही पाहावे.

रोखीने गाडी घेणाऱ्याला ही सूचना मिळाली नाही, तर तो डीलरचा गलथानपणा असेलच असे नाही, कारण हा कायदा वित्तपुरवठ्याशी बांधलेला आहे. अशा वेळी राज्याचा कायदा पाहावा. कॅलिफोर्नियात माहितीच्या विक्रीला नकार देण्याचा स्वतंत्र हक्क आहे.

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे डीलरला कळवले की सगळ्यांना कळले, असे मानणे. डीलर, कर्ज देणारी संस्था आणि गाडीचा उत्पादक हे तीन वेगळे पक्ष आहेत. गाडीतील ॲप आणि स्थानाची नोंद उत्पादकाच्या हाती असते, तेव्हा तिथला नकार त्यांच्याकडेच नोंदवावा लागतो. तो नोंदवताना ओळखीचे पुरावे मागितले गेले, तर मुकाट्याने देऊ नयेत. नकारासाठी गरजेपेक्षा जास्त माहिती मागितल्याच्या आणि इतर काही आरोपांवरून कॅलिफोर्नियाच्या गोपनीयता संस्थेने मार्च २०२५ मध्ये अमेरिकन होंडाला ६,३२,५०० डॉलरचा दंड केला.

एवढे करूनही डीलरचे विक्रीचे फोन येत राहिले, तर ‘डू नॉट कॉल’ या, विक्रीचे फोन नको असलेल्यांच्या सरकारी यादीत नाव असूनही असे का, हा प्रश्न पडतो. खरेदीनंतर १८ महिने त्या विक्रेत्याला ही यादी आड येत नाही. मात्र त्यालाच थेट ‘पुन्हा फोन करू नका’ असे सांगितले की ही सवलत संपते. सांगितल्याची तारीख लिहून ठेवावी आणि फोन थांबले नाहीत, तर फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षणाच्या सरकारी संस्थेकडे तक्रार नोंदवावी.