पावसाळ्यानंतर घरघरणारा व्हॉल्व्ह रेडिओ : दोष ईएल८४ चा की कपॅसिटरचा?

म्हापशातला एसी (घरच्या विजेवर चालणारा) रेडिओ. आवाज फाटका, पाच मिनिटांत ईएल८४ ची, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हची, आतली प्लेट लालसर. काचेच्या माथ्यावरचा चंदेरी डाग शाबूत होता. तो पांढरा पडला तर हवा शिरली, व्हॉल्व्ह फेकायचा. फिलामेंट (४-५ पिन) सलग. तरी लगेच नवा व्हॉल्व्ह घालू नये, तोही भाजतो.

मीटरचा काळा प्रोब चॅसिसला. ३ नंबर पिनवर, म्हणजे कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग), ११ व्होल्ट. तिथला रेझिस्टर १५० ओहमचा, म्हणजे करंट ७३ मिलिअँपिअर. ४८ च्या आसपास हवा. २ नंबर पिनवर, ग्रिडला (करंट आवरणारी जाळी), शून्य हवं तिथे अधिक ४ व्होल्ट.

खरी परीक्षा पुढे. स्विच बंद, प्लग बाहेर, मोठा कपॅसिटर १० किलोओहममधून रिकामा (२५० व्होल्टचा झटका गमतीचा नसतो). ईएल८४ काढून रेडिओ जेमतेम मिनिटभर चालू. ग्रिडवरचे अधिक व्होल्ट गेले तर व्हॉल्व्ह खराब, राहिले तर कपलिंग कपॅसिटर (आधीच्या व्हॉल्व्हचा आवाज ग्रिडला देणारा, पण डीसी व्होल्ट अडवणारा) गळका. राहिले!

गोव्याच्या दमट हवेत कागदी कपॅसिटर ओल धरतात. ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर टाकला. ग्रिड शून्य, कॅथोड ७.२. खाऱ्या हवेने काळवंडलेल्या पिना तेवढ्या हलक्या हाताने घासल्या.