एक्झोसोमची तपासणी किंवा उपचार सुचवला गेल्यास काय पडताळावे

खर्ऱ्याचे व्यसन गावोगाव मुरलेल्या विदर्भात तोंडाचा कॅन्सर निघालेल्या घरी सल्ल्यांची रीघ लागते. त्यात कुणी 'एक्झोसोम'ची तपासणी किंवा इंजेक्शन सुचवले, तर कापसाच्या चुकाऱ्याला हात लावण्याआधी पुढील गोष्टी पडताळाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे हा पदार्थ काय आहे ते समजून घ्यावे. पेशी बाहेर सोडतात त्या साधारण 30 ते 150 नॅनोमीटर आकाराच्या अतिसूक्ष्म पिशव्यांना एक्झोसोम म्हणतात. निरोगी पेशीही त्या सोडतात, त्यामुळे रक्तात एक्झोसोम आढळले एवढ्यावरून कॅन्सर ठरत नाही. गाठीतून सुटलेल्या पिशव्यांतील प्रथिने आणि आरएनए (जनुकीय संदेश वाहणारे रेणू) मात्र इतर पेशींत उतरून नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करतात आणि पेरणीआधी शेत वखरून ठेवावे तशी दूरच्या अवयवात कॅन्सरसाठी जागा तयार करतात. ही पिशवी फुप्फुसाकडे जाईल की यकृताकडे, हे तिच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन प्रथिनांवर बऱ्याच अंशी ठरते, असे कॅन्सर संशोधक डेव्हिड लायडन यांच्या गटाने 2015 साली दाखवले. काही पिशव्यांवरील पीडी-एल1 हे प्रथिन प्रतिकारशक्तीच्या पेशींना थोपवते. संशोधकांना या विषयाची इतकी ओढ का आहे, हे यावरून कळते.

तपासणी सुचवली असेल, तर ती कोणत्या कॅन्सरसाठी आहे आणि तिच्या निकालाने उपचारात नेमका काय बदल होणार आहे, हे डॉक्टरांना विचारावे. पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत लघवीतील एक्झोसोमची तपासणी उपलब्ध आहे; पण तीही तपासणीसाठी तुकडा काढण्याची (बायोप्सीची) गरज आहे का, एवढेच ठरवायला मदत करते. तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा तोंडात उभी तीन बोटे जाईनाशी झाली, तर थेट डॉक्टरांकडे जावे आणि त्यांनी सांगितल्यास तुकडा तपासून घ्यावा. तुकडा काढला की आजार भडकतो, ही समजूत खोल रुजलेली आहे, आणि तिच्यापायी वाया जाणारे महिने फार महागात पडतात.

उपचाराबाबत अधिक सावध राहावे. मान्यताप्राप्त असे एकही एक्झोसोम उत्पादन नाही, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर 2019 मध्ये दिला होता. विकल्या जाणाऱ्या इंजेक्शनांतील एक्झोसोम बहुधा स्टेम सेलपासून (मूळ पेशींपासून) काढलेले असतात, आणि अशा पिशव्यांनी गाठ रोखली जाते की वाढते, याबाबत प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. 'ही नव्या उपचाराची संशोधन-चाचणी आहे' असे सांगितले गेल्यास सीटीआरआय या अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतील क्रमांक मागावा, तो संकेतस्थळावर पाहावा आणि संमतीपत्र मराठीत वाचूनच सही करावी. संशोधनाचा खर्च रुग्णावर टाकू नये, असे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. म्हणून चाचणीच्या औषधाचे पैसे मागितले गेले, तर तिथेच थांबावे.

यानंतर जाहिरातीचा कागद आणि सर्व अहवाल घेऊन सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. रेशनकार्ड व आधार सोबत ठेवावे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबाबत तेथील आरोग्यमित्राला विचारावे. तुकडा आधीच तपासला असेल, तर प्रयोगशाळेतून काचपट्ट्या आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ठोकळा मागून घ्यावा. त्यावरून पुन्हा तपासणी करता येते आणि बहुतेक वेळा तुकडा दुसऱ्यांदा काढावा लागत नाही.