धंदा थंड असला तरी कंपनी चालूच असते: या चुका टाळा

‘वर्षभर एकही बिल फाडलं नाही, मग आरओसीला (कंपनी निबंधकांना) भरायचं काय?’ दादरपासून विरारपर्यंत छोट्या प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांचा सीएला हा ठरलेला प्रश्न. उत्तर असं की सगळंच भरायचं. उलाढाल शून्य असली तरी ऑडिट होतं, ३० सप्टेंबरपर्यंत एजीएम (भागधारकांची वार्षिक सभा) होते, त्यानंतर ३० दिवसांत एओसी-४ (हिशेबाचा फॉर्म) आणि ६० दिवसांत एमजीटी-७ए (वार्षिक विवरणपत्र) जातो. उशीर झाला की दर फॉर्ममागे रोज १०० रुपये, त्याला कमाल मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म वर्षभर पडून राहिले तर ७३ हजार. ठप्प कंपनीने तेवढं कमावलेलंही नसतं!

लेट फी परवडली, अशी वेळ पुढे येते. सलग तीन वर्षांचे फॉर्म राहिले तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. गंमत म्हणजे त्या बुडीत कंपनीतलं पद राहतं, पण बाकीच्या कंपन्यांमधलं जातं. ‘दोन संचालक लागतात’ म्हणून बायकोचं किंवा मेहुण्याचं नाव घातलेलं असतं ना, त्यांनाही हे लागू. मेहुण्याची स्वतःची कंपनी उत्तम चालली असेल तर घरात काय होईल, ते मी सांगायला नको.

नव्या कंपनीची फजिती वेगळी. स्थापनेनंतर १८० दिवसांत भागभांडवलाचे पैसे खात्यात टाकून आयएनसी-२०ए (धंदा सुरू करत असल्याच्या घोषणेचा फॉर्म) भरावा लागतो. कागदावर एक लाख भांडवल लिहून खातं कोरडं ठेवणारे इथे अडकतात. कंपनीला ५० हजार दंड, संचालकांना रोज हजार, एक लाखापर्यंत.

मुंबईत पत्त्याचा घोळ फार. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स संपला, गाळा बदलला, पण आयएनसी-२२ (पत्ता बदलल्याचा फॉर्म) भरायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. मुदत ३० दिवसांची. मग नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि तुम्हाला पत्ताच नसतो. नोंदणीकृत कार्यालय घरी असलं तरी दाराबाहेर नावाचा फलक हवा, आणि तो स्थानिक लिपीतही, म्हणजे इथे देवनागरीत. सोसायटीचे सेक्रेटरी कुरकुरतील, तरी लावा.

व्यवसाय कर तर सर्रास विसरला जातो. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापतात तो वेगळा; कंपनीचे स्वतःचे वर्षाला २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे असतात.

एलएलपीवाल्यांनी (मर्यादित दायित्वाची भागीदारी असणाऱ्यांनी) फॉर्म ११ (वार्षिक विवरण) साठी ३० मे आणि फॉर्म ८ (हिशेब) साठी ३० ऑक्टोबर या तारखा पाळाव्यात.

कंपनी चालवायचीच नसेल तर एसटीके-२ हा नाव काढण्याचा अर्ज भरून रीतसर बंद करता येते, शुल्क १० हजार. मात्र आधी देणी फेडून बँक खातं बंद करावं लागतं, आणि धंदा थांबला त्या वर्षापर्यंतचे राहिलेले फॉर्म लेट फीसकट भरावे लागतात.