पहिला कॅमेरा हाती आल्यावर

नव्या कॅमेऱ्याच्या तबकडीवरचा ‘ऑटो’ सोयीचा असतो आणि पहिले चार दिवस तो वापरायला काहीच हरकत नाही. मात्र पुढेही तिथेच राहिल्यास कॅमेऱ्याने कोणता निर्णय का घेतला, हे कधीच कळत नाही. म्हणून तबकडी ‘ए’ किंवा ‘एव्ही’ या खुणेवर आणावी. येथे अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचा आकार, आपण ठरवतो आणि शटर किती वेळ उघडे राहील ते कॅमेरा ठरवतो. अ‍ॅपर्चरचा ‘एफ’पुढचा आकडा लहान तितके छिद्र मोठे, हे एवढे आधी पक्के करून घ्यावे.

आता खिडकीजवळच्या टेबलावर एक पांढरा कप ठेवावा आणि खोलीतले दिवे बंद करावेत. सोबत आलेली १८–५५ एमएमची लेन्स ५० एमएमच्या आसपास फिरवून, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ४०० ठेवून एफ ५.६ वर फोटो घ्यावा. शटर १/१२५ सेकंद दिसत असेल, तर एफ ११ केल्यावर ते १/३० च्या आसपास येईल, कारण छिद्रातून येणारा प्रकाश एक चतुर्थांश झालेला असतो. कपामागची भिंत आता अधिक स्पष्ट दिसेल. पण हात किंचित हलला तरी कपाची कड पुसट होईल. आयएसओ १६०० केल्यास शटर पुन्हा १/१२५ वर येते, मात्र सावलीच्या भागात बारीक दाणे दिसू लागतात. एका बाजूने मिळवले की दुसऱ्या बाजूने काहीतरी सोडावे लागते, हा हिशोब वाचून नव्हे, असा करून पाहिल्यावरच अंगवळणी पडतो.

तोच कप चौकटभर घेतला, तर तो पांढरा न येता राखाडी येतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे पांढऱ्या वस्तूसाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो अधिक उजळ किंवा गडद करण्याची सोय, +१ आणि काळ्यासाठी −१ करून पाहावे. नवशिक्यांचे बहुतेक काळवंडलेले फोटो मला याच कारणाने बिघडलेले दिसतात, आणि दोष मात्र बिचाऱ्या कॅमेऱ्याला दिला जातो.

नंतर कप तसाच ठेवून आपण त्याच्याभोवती फिरावे. खिडकी पाठीशी असताना सपाट वाटणारा कप, उजेड बाजूने येताच गोल आणि भरीव दिसतो.

फोटो रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती) आणि जेपेग (नेहमीचे तयार चित्र) अशा दोन्ही रूपांत साठवावेत. रॉमध्ये नंतर दुरुस्तीला अधिक वाव राहतो. प्रत्येक फोटोसोबत शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि फोकल लेंग्थ (लेन्स किती एमएमवर होती ते) यांची नोंद आपोआप होते. महिनाभराने संगणकावर हलून पुसट आलेले फोटो वेगळे काढून त्यांचे शटर स्पीड पाहावेत, आणि आवडलेल्या फोटोंची फोकल लेंग्थ तपासावी. दुसरी लेन्स घ्यायची का, आणि घ्यायची तर कोणती, हे त्या नोंदी पाहूनच ठरवावे.