नाशिक खोऱ्याचा चढउतार नकाशावर आणताय? या चुका टाळा

पहिली गल्लत टोपोशीट, म्हणजे उंचीच्या रेषा असलेला सरकारी नकाशा, निवडतानाच होते. २० अंश अक्षवृत्त नाशिक शहरातूनच जातं. त्यामुळे पंचवटी सर्व्हे ऑफ इंडियाच्या ४६ एच/१६ वर, तर नाशिकरोड ४७ ई/१३ वर. त्र्यंबकला जायचं तर आणखी एक, ४७ ई/९. जुन्या शीट एव्हरेस्ट डेटमवर (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या डेटमवर. दोन्ही तसंच एकमेकांवर टाकलं की कालवा शेजारच्या गटात सरकतो. आधी सॉफ्टवेअरला शीटचा मूळ डेटम सांगा, मगच यूटीएम झोन ४३ या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-चौकटीत आणा.

शहरात ६००च्या जागी ५४० मीटर दिसलं म्हणून यंत्राला शिव्या घालू नका. जीपीएसची कच्ची उंची पृथ्वीच्या आकाराच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, टोपोशीटवरची समुद्रसपाटीपासून. आपल्याकडे फरक साठेक मीटरचा. काही अ‍ॅप ही दुरुस्ती आपणहून करतात, मग हाताने पुन्हा केली की उलटी चूक. जवळच्या बेंचमार्कवर, म्हणजे उंची आधीच नक्की केलेल्या खुणेवर, ताळा करून घ्या.

ब्रह्मगिरी, अंजनेरीचा डोंगर बेसाल्टच्या थरांचा: उभा कडा, मग सपाटी, पुन्हा कडा. सॉफ्टवेअर हे सगळं गुळगुळीत करून कड्याची घसरगुंडी करतं. कड्याच्या वरच्या आणि खालच्या धारेवर ब्रेकलाइन, म्हणजे उतार इथे एकदम बदलतो हे सॉफ्टवेअरला सांगणारी रेष, टाका.

खरा घोळ मात्र खाली, बागायतीत. ओढा कंटूर (समान उंचीच्या रेषा) कापत उतरतो, कालवा कंटूरच्या कडेकडेने जातो. एवढं पाहिलं तरी दोघांची अदलाबदल टळते. आपोआप ओढे काढणाऱ्या टूलला कालव्याचा भराव बांधासारखा दिसतो, भरावाखालून ओढ्याचं पाणी नेणारी मोरी दिसतच नाही. मग ओढा भरावाला आपटून कालव्याच्या बाजूने मैलभर पळताना दिसतो. शिवारात फिरून मोऱ्या टिपा आणि त्या जागी संगणकातल्या उंचीच्या मॉडेलमधल्या भरावाला खाच पाडा. डोंगराला चालणारं २० मीटरचं कंटूर अंतर इथे निरुपयोगी आहे. चारीचा, म्हणजे शेताला पाणी नेणाऱ्या छोट्या पाटाचा, उतार दोन रेषांच्या मधेच हरवतो, तिथे उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण, लेव्हलच लावावी लागते.

ड्रोनने काम करणारे हंगाम विसरतात. जानेवारीत द्राक्षबागेवर उडवलं तर मांडवाच्या छताची उंची मिळते, जमिनीची नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ओळींमधली माती उघडी पडते, तेव्हा उडवा. ओझर विमानतळ आणि देवळालीच्या लष्करी भागाच्या आसपास मात्र आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावर उड्डाणाचा झोन तपासा.