महागडा हेडफोन घेऊनही आवाज फिका वाटतो? या चुका टाळा

नव्या हेडफोनने निराशा केली की दोष त्याच्या दर्जाला दिला जातो. पण बऱ्याचदा खरे कारण असे असते की तो हेडफोन, तो जोडलेले उपकरण आणि ज्या कामासाठी तो घेतला ते काम यांचा मेळच बसलेला नसतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात नावाजलेला हेडफोन आणून थेट मोबाईलला जोडणे. सेनहायझरच्या एचडी ६०० चा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, ३०० ओहम आहे आणि बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो अनेक वर्षे २५० ओहमचा म्हणून ओळखला जातो. अशा हेडफोनला पुरेसा व्होल्टेज देणे बहुतेक मोबाईलना जमत नाही, त्यामुळे आवाज पूर्ण वाढवूनही तो दबलेला राहतो. केवळ ओहम पाहूनही भागत नाही, कारण रोध कमी असला तरी संवेदनशीलता (म्हणजे तेवढ्याच विजेत निघणारा आवाज) कमी असलेल्या हेडफोनला अँप्लिफायर लागू शकतो. शिवाय हे दोन्ही हेडफोन मागून उघड्या रचनेचे आहेत, म्हणजे शांत खोलीत ते अतिशय मोकळे आणि सुंदर वाजतात, पण लोकलच्या डब्यात बाहेरचा गोंगाट जसाच्या तसा आत येतो आणि आपले गाणे शेजाऱ्यालाही ऐकू जाते.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नये. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकू येते, त्यामुळे ‘५ ते ४०,००० हर्ट्झ’ या दाव्यावरून, त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे दिल्याशिवाय, काहीच कळत नाही. ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची एलडीएसी ही पद्धत सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंतचा वेग देते हे खरे, पण आयफोनमध्ये ते चालत नाही. त्यासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी आपला फोन पाहावा.

कानात घालायच्या इअरफोनचा बास, म्हणजे खालच्या पट्टीचा भारदस्त आवाज, गायब वाटत असेल, तर परत पाठवण्याची घाई न करता तो बोटाने हलकेच आत दाबून पाहावा. दाबल्यावर बास भरून आला, तर रबरी टोपी कानात नीट बसत नाही एवढाच त्याचा अर्थ होतो, आणि बहुधा खोक्यातच वेगळ्या मापाच्या टोप्या असतात. कानावर बसणाऱ्या हेडफोनमध्ये चष्म्याची काडी गादीखाली फट पाडते व हाच परिणाम होतो. ही बाब चष्मा वापरणाऱ्यांना दुकानात क्वचितच कोणी सांगते.

ब्लूटूथ हेडफोनवर लॅपटॉपची गाणी उत्तम वाजतात, पण ऑनलाइन बैठक सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो, ही तक्रार फार ऐकू येते. हेडफोनचा माइक चालू झाला की नेहमीचे ब्लूटूथ बोलण्याच्या पद्धतीवर जाते आणि स्टिरिओ आवाज मोनो होतो. सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडला, तर बहुतेक वेळा आवाज पूर्ववत होतो.

गोंगाट रोखणाऱ्या हेडफोनकडून संपूर्ण शांततेची अपेक्षा ठेवू नये. विमानाची किंवा पंख्याची एकसुरी घरघर तो चांगली कापतो. बोलणे आणि हॉर्न मात्र बऱ्याच अंशी ऐकू येतात.

एका बाजूचा आवाज कमी झाल्यास आधी जाळीत मळ साचला आहे का आणि फोनमधला डाव्या-उजव्या आवाजाचा तोल सरकला आहे का, हे पाहावे. खरेदीपूर्वी परतीची अट वाचावी, कारण कानात घालायच्या वस्तू स्वच्छतेच्या कारणावरून अनेक ठिकाणी परत घेतल्या जात नाहीत; आणि मुदत असेल, तर तेवढ्यात हेडफोन सलग तासभर घालून पाहावा, कारण डोक्यावरचा दाब आणि कानाची उष्णता दुकानातल्या पाच मिनिटांत जाणवत नाही.